शाळा बांधणारे प्रवासी आणि त्यांचे ग्रंथ

मराठी वाचकाला प्रवासवर्णनांची वाण नाहीं. काशीयात्रेपासून विलायतेच्या वारीपर्यंत सर्व तऱ्हेचीं प्रवासवृत्तें आपल्या भाषेंत आहेत. त्यांतील एक गोष्ट सहज नजरेंत भरते ती अशी कीं, आपला जुना प्रवासी बहुधा कांहीं तरी मिळविण्यासाठीं घराबाहेर पडे. वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले ते घरचें कर्ज फिटावें आणि बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञांत चार पैसे दक्षिणा मिळावी म्हणून. १८५७ चें बंड त्यांना वाटेंत भेटलें. तें पाहावयास ते गेले नव्हते. दान देणारा यात्रेकरूहि आपल्याकडे होताच. परंतु क्षेत्राच्या ठिकाणीं केलेलें तें दान दात्याच्या पुण्याच्या खातीं जमा होई. घेणाऱ्याचें पुढें काय झालें हें विचारण्याचें कारण कोणासच पडत नसे.

गेल्या साठ वर्षांत इंग्रजी वाङ्मयांत प्रवासवर्णनाचा एक निराळाच प्रकार रुजला आहे. प्रवासी दूरच्या मुलखांत जातो. तेथें त्याला मोडकी शाळा दिसते, किंवा शाळाच दिसत नाहीं. तो घरीं परत येऊन पैसा गोळा करतो, पुन्हां जातो, शाळा उभी करतो आणि या सर्वांवर एक ग्रंथ लिहितो. ग्रंथ खपतो, त्यामुळें आणखी पैसा येतो, आणि आणखी शाळा होतात. हे ग्रंथ वाचून कित्येक सुखवस्तु कुटुंबें आपल्या सहलीच्या वेळीं एखाद्या लहानशा स्थानिक शिक्षणसंस्थेस मदत करूं लागलीं आहेत, आणि आपल्याकडील कुटुंबेंहि त्यांत आहेत. तेव्हां या ग्रंथांचें परीक्षण केवळ वाङ्मय म्हणून करणें पुरेसें नाहीं, व केवळ धर्मादायाचे अहवाल म्हणून करणेंहि योग्य नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, या ग्रंथांचे वाङ्मयीन दोष आणि त्यांत वर्णिलेल्या कार्याचे दोष हे बहुधा एकाच मुळापासून फुटतात. प्रवासाला आरंभ असतो आणि शेवट असतो. शाळेला आरंभ असतो, पण शेवट असतां कामा नये. ज्या लेखकाला शाळेची गोष्ट प्रवासाच्या साच्यांत ओतावयाची असते, त्याला ती कोठें तरी संपवावी लागते. आणि ती तो नेमकी इमारतीच्या उद्‍घाटनापाशीं संपवितो.

या प्रकाराचा आद्य ग्रंथ म्हणून सर एडमंड हिलरी यांच्या 'स्कूलहाउस इन द क्लाउड्स' (१९६४) या पुस्तकाकडे पाहावें लागतें. त्याची पूर्वपीठिका मोठी गंमतीची आहे. १९६०-६१ सालीं हिलरी यांची जी मोहीम नेपाळांत गेली, तिचा एक हेतु हिममानव, म्हणजे यति, शोधून काढण्याचा होता. खुमजुंगच्या गोंपांत यतीची म्हणून एक टाळूची कातडी जपून ठेविलेली होती. गांवच्या एका प्रमुखाला बरोबर देऊन ती परदेशीं तपासावयास पाठविली, तेव्हां ती सेरो नांवाच्या डोंगरी प्राण्याच्या कातड्याची निघाली. यति सांपडला नाहीं. पण याच मोहिमेच्या काळांत शेर्पा लोकांना काय हवें असें हिलरी यांनीं विचारलें, आणि आमच्या मुलांसाठीं शाळा हवी असें त्यांनीं सांगितलें. १९६१ सालीं बारा हजार फुटांहून अधिक उंचीवर खुमजुंगची शाळा सुरू झाली. हिंदुस्थानांतील एका अ‍ॅल्युमिनियम कंपनीनें दिलेली इमारत विमानानें डोंगरांत नेऊन ती उभी केली. पहिला शिक्षक म्हणून जो दार्जिलिंगहून आणला, तो शेर्पाच होता.

हा शेवटचा तपशील वाचकानें सहज ओलांडूं नये. प्रवासी माणसाला इमारत लवकर सुचते; शिक्षक उशिरां सुचतो; आणि मुलांची बोली जाणणारा शिक्षक तर फार क्वचित् सुचतो. हिलरी हे शिक्षणशास्त्रज्ञ नव्हते, मधमाश्या पाळणारे होते. तरी ज्या गोष्टींत पुढील पुष्कळ विद्वान् परोपकारी चुकले, तींत ते चुकले नाहींत, कारण त्यांनीं आधीं विचारलें व मग केलें. एक शाळा उभी राहतांच शेजारच्या गांवांचे अर्ज आले, आणि १९६३ सालच्या मोहिमेंत पांगबोचे व थामे येथें शाळा झाल्या. खुमजुंगला नळाचें पाणी आणणें, देवीच्या सांथींत टोचण्या करणें, हीं कामेंहि त्याच हंगामांत झालीं. आणि त्यांच्याच जोडीला तावेचे व कांगतेगा या शिखरांवरील चढाया! कांगतेगा सर झालें, तावेचेचा माथा हुकला. ग्रंथांत या सर्व हकीकती एकमेकींना लागून आहेत, आणि शुद्ध वाङ्मयीन दृष्टीनें पाहिलें तर त्यामुळें त्याची बांधणी विसकळित झाली आहे. शिखराच्या प्रकरणांत उत्कंठा आहे, छपराच्या प्रकरणांत खिळ्यांचा हिशेब आहे. परंतु आम्हांस हा विसकळितपणा प्रामाणिक वाटतो. हिलरी शाळेला शिखर करीत नाहींत. छप्पर चढलें म्हणजे निशाण रोवलें, असा आव त्यांच्या लेखनांत नाहीं.

आणि खरी गोष्ट त्या पुस्तकाच्या बाहेर घडली. १९६० पासून चालत आलेल्या त्यांच्या 'हिमालयन ट्रस्ट'नें पुढील काळांत पंचवीसांहून अधिक शाळा उभारल्या वा चालविण्यास साह्य केलें. १९६६ सालीं खुंदे येथें रुग्णालय निघालें. १९७५ सालीं फाप्लूच्या रुग्णालयाचें काम चाललें असतां, हिलरी यांच्याकडे यावयास निघालेल्या त्यांच्या पत्नीचा व धाकट्या मुलीचा काठमांडूजवळ विमानाच्या अपघातांत अंत झाला. ज्या मुलखानें इतकें हिरावून घेतलें त्याकडे मनुष्यानें पुन्हां पाहिलें नसतें तरी त्यास कोणी दोष दिला नसता. ते परत गेले, आणि २००८ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांचा त्या कामाशीं संबंध सुटला नाहीं. खुमजुंगच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकीं मिंग्मा नोर्बू शेर्पा हे पुढें सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचे अधिकारी झाले. २०१५ च्या भूकंपानें त्या भागांतील कित्येक वर्गखोल्या मोडल्या व त्या फिरून बांधाव्या लागल्या. शाळेची गोष्ट ही अशी असते : तींत 'समाप्त' हा शब्द लिहावयास जागा सांपडत नाहीं.

याच मोहिमांतील एका सहकाऱ्यानें या कार्याची जी समीक्षा केली, तिचा उल्लेख येथें अवश्य केला पाहिजे. जेम्स फिशर हे मानववंशशास्त्रज्ञ १९६४ च्या मोहिमेंत हिलरी यांच्याबरोबर होते. त्याच वर्षीं लुकला येथें धावपट्टी झाली. शाळा-दवाखान्यांचें सामान पाठीवरून वाहून आणण्याचे श्रम व दिवस वांचावेत एवढाच तिचा हेतु. शेतजमीन विकत घेऊन ती सपाट केली, आणि माती घट्ट बसावी म्हणून शेर्पांनीं तीवर हातांत हात घालून नाच केला, ही हकीकत प्रसिद्धच आहे. परंतु त्या धावपट्टीवर पत्रे आणि खिळे थोडेच दिवस उतरले. पुढें उतरले ते सहलीचे प्रवासी. २०१८-१९ या एका वर्षांत सगरमाथा उद्यानांत पन्नास हजारांहून अधिक परदेशीय आले. फिशर यांनीं आपल्या 'शेर्पाज्' (१९९०) या ग्रंथांत, ज्या बदलाला आपलाहि हात लागला होता, त्याचाच शोध घेतला आहे. त्यांच्या विवेचनाचें सार आमच्या मतें असें कीं, प्रवाशांचा लोंढा येणारच होता, परंतु तो आला तेव्हां शेर्पांच्या एका पिढीला लिहितां-वाचतां येत होतें. म्हणून ते आपल्याच डोंगरांत निव्वळ हमाल न राहतां हॉटेलांचे व मोहिमांचे मालकहि होऊं शकले. शाळा आणि धावपट्टी हीं एकाच हातानें दिलेलीं दोन देणीं. पहिलें नसतें तर दुसरें जाचक ठरलें असतें. दात्याच्या स्नेह्यानेंच इतक्या शांतपणें हें मांडावें, व त्या ग्रंथास दात्यानेंच प्रस्तावना द्यावी, ही गोष्ट दोघांनाहि भूषणावह आहे.

जॉन वुड यांचें 'लीव्हिंग मायक्रोसॉफ्ट टु चेंज द वर्ल्ड' (२००६) हें पुस्तक याच्या मानानें हलकें, पण त्याच्या आरंभींचा एक प्रसंग विसरण्यासारखा नाहीं. १९९८ सालीं अन्नपूर्णेच्या वाटेवर असतां लमजुंग जिल्ह्यांतील बाहुनडांडा येथील शाळेंत त्यांना वाचनालय दाखविण्यांत आलें. पुस्तकें कुलुपांत होतीं, कारण तीं मोलाचीं होतीं आणि मुलांनीं फाडलीं असतीं. तीं होतीं तरी कोणतीं? वाटसरूंनीं ओझें नको म्हणून टाकून दिलेलीं : डॅनिएल स्टील यांची शृंगारकथा, उंबेर्तो एको यांची इटालियन भाषेंतील कादंबरी, मंगोलियाची प्रवास-मार्गदर्शिका! उपकाराच्या नांवाखालीं अडगळ देण्याच्या वृत्तीवर याहून मार्मिक भाष्य आम्हीं वाचलेलें नाहीं, आणि तें लेखकानें ओरडून न सांगतां नुसत्या यादीनें साधलें आहे. पुढल्या वर्षीं ते आपल्या वडिलांसह हजारों पुस्तकें जनावरांवर लादून तेथें परत गेले; नोकरी सोडली; आणि 'रूम टु रीड' ही संस्था २००० सालीं निघाली.

या पुस्तकाची भाषा मात्र आमच्या वाचकांस जड जाईल. तींत दर पांच पानांनीं एखादा व्यापारी सिद्धांत येतो, आणि शाळांची मोजदाद विक्रीच्या आंकड्यांप्रमाणें होते. लेखक स्वतःच्या नोकरीच्या त्यागाकडे वारंवार वळतो. त्यागाची कथा त्यागी मनुष्यानें थोडक्यांत सांगावी हा आपल्याकडील जुना संकेत त्याला ठाऊक नसावा. तथापि संस्थेनें पुढें केलेली एक सुधारणा या सर्व दोषांवर पांघरूण घालील. इंग्रजी पुस्तकें लादून नेण्यानें मुलें वाचूं लागत नाहींत हें ओळखून तिनें नेपाळी व इतर देशी भाषांत मुलांचीं पुस्तकें तयार करवून छापण्यास आरंभ केला. त्या कुलुपबंद कपाटाला हें योग्य उत्तर होतें. तें पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणांत सुचलेलें नाहीं. कामांत राहिल्यानें सुचलें.

आतां ज्या ग्रंथानें या प्रकाराला कीर्तीच्या शिखरावर नेलें आणि तेथून खालीं लोटलें, त्याकडे वळूं. ग्रेग मॉर्टेन्सन आणि डेव्हिड ऑलिव्हर रेलिन यांचें 'थ्री कप्स ऑफ टी' (२००६) हें पुस्तक लाखों लोकांनीं वाचलें. १९९३ सालीं के-टू शिखरावरून अपयशी होऊन उतरतांना नायक वाट चुकतो, बाल्टिस्तानांतील कोर्फे या गांवीं पोंचतो, गांवकरी त्याची शुश्रूषा करतात, मुलें उघड्यावर जमिनीवर अक्षरें गिरवितांना तो पाहतो, आणि शाळा बांधून देण्याचें वचन देतो. कथा विलक्षण रेखीव आहे. अपयश, भ्रमंती, आतिथ्य, वचन, वचनपूर्ति : एकाहि पायरीची उणीव नाहीं. चहाच्या पहिल्या पेल्याला परका, दुसऱ्याला पाहुणा आणि तिसऱ्याला घरचा, असा त्या नांवाचा अर्थ.

२०११ च्या एप्रिलांत एका अमेरिकन वृत्तवाहिनीनें आणि स्वतः पूर्वीं देणगी दिलेल्या जॉन क्राकावर या लेखकानें 'थ्री कप्स ऑफ डिसीट' या आपल्या पुस्तिकेंत दाखविलें कीं, या कथेंतील महत्त्वाच्या गोष्टी जशा सांगितल्या तशा घडल्या नाहींत. कोर्फेची ती पहिली भेट त्या वर्षीं झालीच नव्हती असा क्राकावर यांचा आरोप होता. ज्या शाळा चालू म्हणून सांगितल्या होत्या त्यांपैकीं कांहीं रिकाम्या आढळल्या. संस्थेचा पुष्कळसा पैसा पुस्तकाची जाहिरात आणि व्याख्यानांचे दौरे यांत जात होता. माँटाना राज्याच्या महाधिवक्त्यानें चौकशी केली, आणि २०१२ सालीं मॉर्टेन्सन यांनीं सुमारें दहा लक्ष डॉलर संस्थेस परत करावे असें ठरलें. मॉर्टेन्सन यांनीं प्रसंगांची काळाच्या दृष्टीनें कांहींशी जुळवाजुळव झाल्याचें मान्य केलें, पण मूळ कार्य खरें आहे हा आग्रह सोडला नाहीं. त्यांत तथ्य नाहीं असेंहि नव्हे. कोर्फेला शाळा झाली आहे, आणि त्या मुलखांत मुली शिकूं लागल्या आहेत. फसवणूक झाली म्हणून कांहीं वाचकांनीं पुस्तकाचे पैसे परत मागणारा दावा लावला, तो न्यायालयानें काढून टाकला.

या प्रकरणावर नीतीच्या दृष्टीनें पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस वाटतें कीं, चांगल्या टीकाकाराला या ग्रंथाचें रहस्य २०११ पूर्वींहि केवळ वाचनानें उमगावयास हवें होतें. पहिली गोष्ट अशी कीं, मुखपृष्ठावर पहिला ग्रंथकार म्हणून ज्याचें नांव आहे तोच आंत तृतीय पुरुषीं नायक म्हणून वावरतो. 'मी' म्हणणाऱ्याला स्वतःच्या शब्दाची जोखीम घ्यावी लागते. 'तो' म्हटलें कीं गौरव करतां येतो आणि जबाबदारी कोणाचीच राहत नाहीं. दुसरी गोष्ट, गांवांतील माणसें ज्या वेळीं जें बोलावयास हवें नेमकें तेंच बोलतात. हुज्जत घालीत नाहींत, कंटाळत नाहींत, दोन माणसांत शाळेच्या जागेवरून तंटा होत नाहीं असें नव्हे, पण तो नायकाच्या शहाणपणासमोर विरतो. खेडेगांवांत ज्यानें एक बालवाडी काढून पाहिली आहे त्याला हें वाचून हंसूं येईल. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : तीनशेंहून अधिक पानांच्या ग्रंथांत शिक्षकाचा पगार पुढल्या दहा वर्षांत कोण देणार, हा प्रश्न गोष्टीचा कणा होत नाहीं. होईल कसा? पगार दर महिन्याला द्यावयाचा असतो, आणि दर महिन्याला येणाऱ्या गोष्टीनें उत्कंठा वाढत नाहीं. कथेला जें नको होतें तेंच शाळेला हवें होतें. रेलिन यांनीं २०१२ सालीं स्वतःचा अंत करून घेतला. त्याविषयीं अधिक लिहिण्याची इच्छा नाहीं.

येथें आपल्याकडील दोन प्रवास आठवतात. ते उलट दिशेचे आहेत. वरील सर्व ग्रंथांत देणारा प्रवास करतो आणि घेणारा आपल्या गांवीं वाट पाहतो. पंडिता रमाबाई आणि महर्षि कर्वे यांच्या बाबतींत ज्याला शाळा चालवावयाची होती तोच बाहेर पडला. रमाबाई १८८६ सालीं अमेरिकेस गेल्या. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें त्यांच्या साह्यार्थ जी मंडळी स्थापन झाली, तिनें मुंबईच्या नियोजित शाळेस दहा वर्षें मदत देण्याचें पत्करलें. आणि गांवोगांवच्या लहान मंडळांतून थोडी थोडी वार्षिक वर्गणी गोळा होऊं लागली. शारदासदन ११ मार्च १८८९ रोजीं उघडलें. वाचकांनीं हा आंकडा लक्षांत घ्यावा : एक इमारत नव्हे, दहा वर्षें. शाळेला ज्या परिमाणाची मदत लागते तिची बोली त्या मंडळींनीं प्रथमच केली, याचें श्रेय मागणाऱ्या बाईंच्या स्पष्टपणाला आहे. या मदतीबरोबर तंटेहि आले. सदनांतील मुलींच्या धर्मावरून १८९३ सालीं पुण्यांत वादळ उठलें, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. परंतु तंटा व्हावयासहि प्रश्न विचारणारे दाते आणि देखरेख करणारे लोक असावे लागतात. बाल्टिस्तानांतील त्या शाळांना तेवढेंहि भाग्य लाभलें नाहीं.

आणि बाईंचें पुस्तक? 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' (१८८९) हें या दृष्टीनें फिरून वाचण्यासारखें आहे. निधि जमविण्याकरितां गेलेल्या या विदुषीनें आपल्या निधीची गोष्ट जवळजवळ बाजूस ठेविली आहे. तेथील शाळा, स्त्रियांच्या संस्था, त्यांची कामें वांटून घेण्याची पद्धति, यांचेंच वर्णन पानोपानीं आहे. ती मागावयास गेली होती, पण तिचे डोळे याचकाचे नव्हते. अमेरिकन प्रवासी हिमालयांत जाऊन स्वतःची हकीकत लिहितो, आणि हिंदी विधवा अमेरिकेंत जाऊन अमेरिकेची हकीकत लिहिते, हा भेद आम्हांस फार बोलका वाटतो.

कर्व्यांविषयीं थोडक्यांतच लिहितों, कारण त्यांची हकीकत घरोघर ठाऊक आहे. १९२९ च्या मार्चांत, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, महिला विद्यापीठासाठीं ते युरोप, अमेरिका व जपान या दौऱ्यावर निघाले. १९३० च्या एप्रिलांत परत आले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुन्हां आफ्रिकेस गेले. तेथें केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिका मिळून पंधरा महिने फिरले. सिंह-हत्ती पाहावयास लोक जेथें जातात तेथें हा मनुष्य वर्गणीची पावती-पुस्तकें घेऊन गेला! 'लुकिंग बॅक' या आत्मचरित्रांत (१९३६) हा सर्व प्रवास इतक्या कोरडेपणानें येतो कीं, प्रवासवर्णन म्हणून त्याला कोणी बक्षीस देणार नाहीं. पण शाळेचें वाङ्मय असेंच कोरडें असतें.

या दोन्ही दिशांचा संगम एका अलीकडील मराठी उदाहरणांत झाला आहे, आणि त्यासाठींच हा लेख लिहिण्याचें आम्हीं योजिलें. नाशिकच्या श्रीमती भारती ठाकूर यांनीं २००५-०६ सालीं नर्मदेची पायीं परिक्रमा केली. 'नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा' हें त्यांचें पुस्तक मराठी वाचकांना सुपरिचित आहे. परिक्रमेचा नियम असा कीं, नदी सदैव उजव्या हाताला ठेवावी, ती ओलांडूं नये आणि मिळेल त्या अन्नावर राहावें. म्हणजे येथें प्रवासी दाता नसतो. दाता असतो कांठचा शेतकरी, कोळी, आदिवासी. ज्याच्या घरांत उद्यांच्या पिठाची विवंचना आहे तो आज आलेल्या परिक्रमावासीला सदावर्त देतो. हिमालयाच्या वाटेवरील गिरिप्रवासी आपला शिधा आणि आपले हमाल घेऊन जातो व मग गांवावर उपकार करतो. परिक्रमावासी गांवाचें खाऊन पुढें जातो. या एका भेदामुळें पुढील सर्व गोष्टीचा सूर पालटतो. परत येऊन श्रीमती ठाकूर यांनीं नोकरी सोडली, निमाडांत मंडलेश्वर-लेपा भागांत मुक्काम केला आणि तेथील मुलांना शिकविण्यास आरंभ केला. त्यांतून नर्मदालय ही शाळा उभी राहिली. ज्यांचें खाल्लें त्यांचें फेडावयास गेलेल्या मनुष्याला उपकाराचा आव आणतां येत नाहीं.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें अर्थपूर्ण गोष्ट ही कीं, त्यांनीं एका पुस्तकांत दोन्ही गोष्टी कोंबल्या नाहींत. परिक्रमेचें पुस्तक परिक्रमेपाशीं संपतें, कारण परिक्रमा संपते. शाळेचें पुस्तक, 'गोष्ट नर्मदालयाची', निराळें आहे. पहिल्यांत वाचकाला पुढें पुढें नेणारी नदी आहे. दुसऱ्यांत लेखिका एका जागीं थांबलेली आहे. पहिलें पुस्तक अधिक लोकप्रिय व्हावें हें स्वाभाविक आहे, आणि आपल्या वाचकांच्या रुचीवर तो एक शेराहि आहे. गोडी लागते ती पहिल्याची, पण एखाद्या कुटुंबाला आपल्या सुटींतून कोणा शाळेचें भलें करावयाचें असेल तर त्यानें आधीं दुसरें वाचावें.

तशी इच्छा असणारीं कुटुंबें आज थोडीं नाहींत. एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत, लडाखला, स्पितीला आपले लोक मोठ्या संख्येनें जातात; आणि पुष्कळ सहलींत एखादी शाळा 'दाखविण्याचा' प्रघात पडला आहे. पाहुणे आले कीं तास मोडतो, मुलें ओळींत उभीं राहून गाणें म्हणतात, पेनें वांटलीं जातात, छायाचित्रें निघतात. दिवसांत तीन सहली आल्या तर तीन तास मोडतात, एवढा साधा त्रैराशिकाचा हिशेब सुशिक्षित माणसांच्या ध्यानांत येऊं नये याचें नवल वाटतें. पुण्याहून वह्या वाहून नेण्यांत त्या गांवच्या वाण्याचें गिऱ्हाईक जातें हेंहि कोणी पाहत नाहीं. 'पॅक फॉर अ पर्पज' नांवाची एक अमेरिकन संस्था प्रवाशांना सामानांत पांच पौंड वजनाची जागा राखून ठेवण्यास सांगते. तिच्या उपक्रमांतील खरा शहाणपणा वजनांत नसून यादींत आहे, कारण कोणत्या ठिकाणीं काय हवें तें त्या त्या ठिकाणच्या लोकांकडून विचारून घेतलेलें असतें. हिलरी यांनीं खुमजुंगला जें केलें तें याहून निराळें नव्हतें. आणि रमाबाईंच्या अमेरिकन दात्यांचा कित्ता गिरवावयाचा तर त्यासाठीं पुन्हां प्रवासहि करावा लागत नाहीं. एका शिक्षकाच्या पगाराचा एक भाग दहा वर्षें नियमानें पाठविला म्हणजे झालें. मात्र त्याचें छायाचित्र निघत नाहीं.

या सर्व ग्रंथांच्या फळींत एक जागा रिकामी आहे. गिर्यारोहकानें लिहिलें, व्यापाऱ्यानें लिहिलें, पत्रकारानें लिहिलें, मानववंशशास्त्रज्ञानें लिहिलें; ज्या शाळेंत हे सारे येऊन गेले तेथील शिक्षकाचें पुस्तक आमच्या पाहण्यांत नाहीं. प्रत्येक शाळेंत पाहुण्यांसाठीं एक शेरेबुक असतें आणि त्यांत पाहुणे शाळेविषयीं चार चांगले शब्द लिहून जातात. उलट बाजूचें शेरेबुक, म्हणजे इतक्या वर्षांत कोण आलें, काय बोललें, काय देऊं म्हणालें आणि पुढें त्यांतलें काय पोंचलें, याची नोंद एखाद्या मास्तरानें ठेविली असेलच. नेपाळींत, बाल्टींत किंवा निमाडींत तें कोणीं छापलें, तर त्याचा मराठी अनुवाद प्रसिद्ध करण्यास या मासिकानें आपलीं पानें राखून ठेवावींत, अशी संपादकांस आमची सूचना आहे.